कान टोचलेल्यांचा राजा

इसवी सन ८५१, हिजरी सन २३७. इराणच्या आखातातून थेट चीनपर्यंत जहाजे नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हकिकती त्या वर्षी कोणीतरी अरबी भाषेत लिहून काढल्या. लिहिणाऱ्याने आपले नाव ठेवले नाही. पुढच्या लोकांनी ते पुस्तक सुलेमान नावाच्या एका व्यापाऱ्याच्या नावावर जमा करून टाकले. वारे कधी फिरतात, गोडे पाणी कुठल्या बेटावर भरून घ्यावे, कुठल्या बेटाच्या वाटेला जाऊ नये, कापराला भाव कुठे येतो, असा सगळा कामाचा मजकूर त्यात आहे. त्यातच मध्ये एक मजेदार यादी येते. हिंदचे आणि चीनचे लोक एका गोष्टीवर सहमत आहेत, असे लेखक सांगतो. जगात मोठे राजे चारच. पहिला अरबांचा, दुसरा चीनचा, तिसरा रूमचा आणि चौथा बल्हारा, कान टोचलेल्या लोकांचा राजा.

यादी अरबाने लिहिली, तेव्हा पहिला पाट बगदादच्या खलिफाला मिळाला हे ओघानेच आले. पण चौथ्या नावापाशी मराठी वाचकाने जरा थांबावे. बल्हारा हे माणसाचे नाव नव्हे, तो किताब आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला पृथ्वीवल्लभ, श्रीवल्लभ म्हणवून घेत. वल्लभराजाचे बोलीत बल्लहराय झाले आणि अरबी कानांनी त्याचे बल्हारा केले. त्याचे राज्य 'कुमकम' नावाच्या किनाऱ्यापासून सुरू होते, असे हा ग्रंथ सांगतो. कुमकम म्हणजे आपले कोकण. भिकबाळी घालणाऱ्यांच्या मुलखाची जगाच्या पंक्तीतली ही जागा बाराशे वर्षांपूर्वी खलाशांनी ठरवली होती.

त्या वर्षी राष्ट्रकूटांच्या गादीवर अमोघवर्ष होता. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. बल्हाराचे राजे पन्नास-पन्नास वर्षे राज्य करतात आणि हे अरबांवर माया केल्याचे फळ आहे असे तिथली माणसे मानतात, असेही या ग्रंथात आहे. कारण काहीही असो, पन्नास वर्षांची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. अमोघवर्ष ८१४ साली लहान वयात गादीवर आला आणि चौसष्ट वर्षे राज्य करून गेला.

हे चार राजे एकमेकांच्या दरबारात कधी बसले नाहीत. त्यांना एका यादीत बसवले ते व्यापाऱ्याने. त्याची नजर राजकवीची नव्हती. बंदरात जकात किती, माल बुडाला तर दाद कुठे मागायची, तंटा झाला तर काझी कोण, नमाज पढायला जागा आहे की नाही, एवढेच त्याला बघायचे होते. मध्ययुगातली साम्राज्ये ताडून पाहायची तर ही नजर इतिहासाच्या अभ्यासकालाही उपयोगी पडते.

आधी व्यापार बघू. १९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्राच्या तळाशी एक बुडालेले जहाज सापडले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या. अरबी समुद्रातल्या रीतीप्रमाणे त्या दोरीने शिवलेल्या होत्या. पोटात सुमारे साठ हजार चिनी भांडी होती आणि त्यांतला बहुतेक माल चांगशाच्या भट्ट्यांतले साधे वाडगे होते. एका वाडग्यावर ८२६ सालाशी जुळणारी तारीख आहे. राजेरजवाड्यांसाठी रेशीम आणि कस्तुरी जात असेल, पण हजारोंनी बनवलेले रोजच्या वापराचे वाडगेही या वाटेने जात होते. आपला अनामिक लेखक ज्या वाटेची हकिकत सांगतो, तीच ही वाट. इराणच्या आखातातल्या सिराफहून मस्कत, तिथून महिनाभरात केरळातले कोल्लम, मग निकोबार, मलायाचा किनारा, चंपा आणि शेवटी खानफू, म्हणजे चीनचे ग्वांगझू. कोल्लमला चीनच्या वाटेवरच्या प्रत्येक जहाजाकडून हजार दिरहम घेत. इतर जहाजे थोड्या दिनारांत सुटत. मोठ्या जहाजाला मोठी पट्टी, हा हिशेब तेव्हाही होता.

खानफूला पोहोचल्यावर चिनी राज्याशी गाठ पडे. अधिकारी सगळा माल ताब्यात घेऊन वखारीत ठेवत. मोसमातले शेवटचे जहाज येईपर्यंत तो तिथेच पडून राही. मग दहातले तीन भाग सरकारजमा करून उरलेला माल ज्याचा त्याला परत मिळे. कापूर राजाला हवा असेल तर तो बाजारातला सर्वांत वरचा भाव देऊन उचलत असे. देशात आत जायचे तर दोन कागद लागत. एकावर माणसाचे नाव, वय आणि सोबत्यांची नोंद असे, दुसऱ्यावर त्याच्याजवळचा पैसा आणि माल. वाटेत काही हरवले किंवा माणूस मेला, तर काय गेले आणि कुठे गेले हे कागदावरून कळे. लेखक याचे कौतुकच करतो. राज्याचे उत्पन्न मिठावर आणि गरम पाण्यात टाकून पितात अशा एका पाल्यावर चालते, असेही त्याने नोंदवले आहे. अरबी ग्रंथांतला चहाचा हा पहिला उल्लेख मानतात.

रूमची, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाईन राज्याची रीत वेगळी होती. तिथली जकात दहा टक्के, पण पहारा कडक. ही शिस्त पुढे ९११-१२ च्या सुमारास नगरपालाच्या नियमपुस्तकात लिहिली गेली. रेशीम विणणारे, सावकार, साबणवाले, खाटीक, बेकरीवाले यांच्या श्रेणी कशा चालाव्यात, कोणी काय विकावे, नफा किती घ्यावा, हे त्यात बांधून दिले आहे. सीरियाच्या व्यापाऱ्याने शहरात तीन महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम करायचा नाही. उत्तम जांभळे रेशीम देशाबाहेर न्यायचे नाही. पण तिथल्या सोन्याच्या नाण्याचा कस चौथ्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत जवळपास ढळला नाही. सातशे वर्षे नाणे खरे ठेवणे हे कुठल्याही लढाईपेक्षा अवघड काम आहे.

बगदादच्या व्यापाऱ्यांची ताकद कागदात होती. त्यांची 'सुफ्तजा' आपल्या हुंडीची बहीणच म्हणावी. एका शहरात पैसे भरावे, दुसऱ्या शहरात चिठ्ठी दाखवून घ्यावेत. वाटेवर दरोडेखोराच्या हाती लागलेच तर चिठोरे लागे. टपालाच्या चौक्यांचे जाळे खलिफाच्या हुकुमांसाठी आणि हेरगिरीसाठी होते, पण त्यातूनच भूगोल तयार झाला. टपालखात्याचा एक अधिकारी इब्न खुर्दाजबिह याने रस्ते आणि राज्ये यांचे एक मोठे पुस्तक लिहिले. त्यातही हिंदच्या राजांमध्ये बल्हारा सगळ्यांत मोठा आहे.

आणि खुद्द बल्हाराकडे काय होते? हत्ती आहेत, घोडे आहेत, पैसा आहे, आणि हा राजा सैनिकांना अरबांसारखा नियमित पगार देतो, असे अनामिक लेखकाने लिहिले. बंदरांवर मात्र त्याचा स्वतःचा माणूस क्वचितच बसलेला असे. उत्तर कोकणचा कारभार शिलाहार सामंत बघत. राष्ट्रकूटांचे राज्य असेच एकावर एक थर रचलेले होते. वर महाराजाधिराज, खाली सामंत, त्याखाली विषय आणि गाव. एखादे गाव दान दिले की ताम्रपटात राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, महत्तर अशा सगळ्यांना उद्देशून आज्ञा लिहीत. आजचा राष्ट्रपती देशाचा पहिला नागरिक. तेव्हाचा राष्ट्रपती फार तर दोन-तीन जिल्ह्यांचा अंमलदार होता. त्या आज्ञेत राजा आपले हक्क एकेक करून सोडतो. अमुक कर घेणार नाही, तमुक वेठ मागणार नाही, गावात शिपाई शिरणार नाहीत, आणि हे सगळे आचंद्रार्क, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत.

चारही राज्यांतला खरा फरक मला इथे दिसतो. चीनचे राज्य मोजायचे. कारभारासाठी परीक्षा घेऊन माणसे निवडायची. वरच्या परीक्षेत वर्षाला जेमतेम वीस-तीस जण पास होत. आठव्या शतकाच्या मध्यातल्या आन लुशानच्या बंडाने ही घडी विस्कटली, तेव्हा राज्याने मिठाची मक्तेदारी घेतली आणि ७८० साली करपद्धतीच नवी केली. बगदादच्या राज्यात वजीर आणि त्याच्या हाताखाली महसूल, टपाल, लष्कर यांचे वेगवेगळे दिवाण. रूममध्ये प्रांताप्रांताला सेनापती नेमलेला, आणि फौज व मुलकी कारभार दोन्ही त्याच्या हाती. ही तिन्ही राज्ये वरून खाली हुकूम पोहोचवू शकत होती. दख्खनचे राज्य मात्र हक्क वाटून टिकत होते. चीनची नोंद बघितली तर किती माणसे, किती जमीन, किती कर, असे आकडे सापडतात. दख्खनची नोंद म्हणजे कोणाला काय दिले, एवढीच.

या फरकाचा परिणाम धर्माच्या बाबतीत कसा झाला, हे त्याच एका दशकात दिसते. ८४३ पासून पुढच्या अकरा वर्षांत चारही राजांच्या मुलखांत पूजेच्या प्रश्नावर काही ना काही घडले.

सुरुवात रूममध्ये झाली. ख्रिस्ताची आणि संतांची चित्रे पूजावीत की ती मूर्तिपूजा म्हणून मोडावीत, या वादात हे राज्य शंभरावर वर्षे पोळत होते. सम्राट थिओफिलस चित्रे मोडणाऱ्यांचा कट्टर कैवारी. तो ८४२ साली वारला आणि मुलगा मायकल अजाण असल्याने कारभार विधवा थिओडोराकडे आला. तिने पुढच्याच वर्षी, ८४३ च्या मार्चमध्ये, चित्रांना पुन्हा मान मिळवून दिला. पूर्वेकडची ख्रिस्ती मंदिरे तो दिवस आजही सण म्हणून पाळतात. पण चित्रे परत आली म्हणून उदारपणा आला, असे नाही. पॉलिशियन नावाच्या पंथाला याच बाईने पाखंडी ठरवून मारले. वाचलेले पळून गेले ते अरबांच्या सरहद्दीत, मलात्याच्या अमिराच्या आश्रयाला. ख्रिस्ती राणीने हाकललेल्या ख्रिस्तींना मुसलमान अमिराने जागा दिली.

दोन वर्षांनी चीन. सम्राट वुझोंग ताओ पंथाचा भक्त होता, आणि त्याचा खजिना रिकामा होता. बौद्ध विहारांच्या जमिनींना कर नव्हता, भिक्खूंना कर नव्हता, आणि देवांच्या मूर्तींत अडकलेल्या काशातून नाणी पाडता आली असती. ८४५ साली फर्मान निघाले. सरकारी नोंदीप्रमाणे चार हजार सहाशे विहार मोडले, चाळीस हजार छोटी देवस्थाने पाडली, आणि दोन लाख साठ हजार पाचशे भिक्खू-भिक्खुणींना संसारात परत पाठवून करदात्यांच्या यादीत घातले. विहारांकडचे दीड लाख दास वेगळे. नेस्टोरियन ख्रिस्ती आणि पारशी धर्माचे लोकही यात भरडले. जपानहून शिकायला आलेला एनिन नावाचा भिक्खू या तडाख्यात सापडला आणि परत धाडला गेला. त्याची रोजनिशी आजही वाचायला मिळते. वुझोंग पुढच्याच वर्षी मेला आणि नव्या सम्राटाने फर्मान मागे घेतले. मोडलेले विहार मात्र पूर्वीच्या संख्येने पुन्हा उभे राहिले नाहीत.

मग बगदादचे राज्य. खलिफा तेव्हा बगदादमध्ये राहत नव्हता. राजधानी तेव्हा वर समारा इथे होती. कुराण हे निर्मिलेले आहे की अनादी, या प्रश्नावर ८३३ पासून काझी आणि विद्वान यांची चौकशी चाले. चुकीचे उत्तर दिले तर तुरुंग, प्रसंगी चाबूक. ८४७ साली खलिफा झालेल्या मुतवक्किलने ती चौकशी बंद केली. सामान्य मुसलमानाला हायसे वाटले असेल. पण ८५० साली त्याचेच फर्मान निघाले की ज्यू आणि ख्रिस्ती यांनी मधाच्या रंगाचे वस्त्र वापरावे आणि घराच्या दारावर सैतानाची लाकडी आकृती ठोकावी. करबल्यातली हुसेनची कबर त्याने त्याच सुमारास उद्ध्वस्त केली. त्याच वर्षांत समाराची भव्य मशीद पुरी होत आली होती, शंखासारखा पीळ असलेल्या मिनाराची. आणि या खलिफाचा वैद्य कोण, तर ग्रीक वैद्यक अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक, धर्माने ख्रिस्ती. फर्मान रस्त्यावरच्या माणसासाठी असते. नाडी बघणारा हात कोणाचा आहे, हे खलिफा विचारत नाही.

आता चौथा राजा. मुंबईत बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. तिथे शके ७७५ चा, म्हणजे ८५३-५४ सालचा एक शिलालेख आहे. वर अमोघवर्षाचे राज्य, खाली शिलाहार कपर्दीचा कारभार. गौड देशाहून, म्हणजे बंगालहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध उपासकाने इथल्या भिक्खूंसाठी ध्यानाच्या कोठड्या आणि वस्त्रे यांची सोय केली आणि त्यासाठी शंभर द्रम्म ठेव दिली, एवढाच त्याचा मजकूर. चीनमध्ये विहार मोडून आठ-नऊ वर्षे झाली होती. राजा स्वतः बौद्ध नव्हता. त्याची श्रद्धा जैन आचार्य जिनसेनावर होती. आणि ८७१ सालच्या संजाण ताम्रपटात लिहिले आहे की प्रजेवरचे संकट टळावे म्हणून त्याने डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला वाहिले. त्याच्या पणजोबाने, पहिल्या कृष्णाने, वेरूळचा कैलास कोरवला होता. जवळच त्याच डोंगरात जैन लेणी कोरली जात होती.

हे वाचून आमचे पूर्वज किती सहिष्णू, अशी कॉलर ताठ करायचा मोह होतो. तो आवरावा. याच घराण्याने कनौजपर्यंत स्वाऱ्या केल्या आणि शेजाऱ्यांचे मुलूख जाळले. दान दिलेल्या गावातल्या कुणब्याला कर चुकला नाही, फक्त तो घेणारा बदलला. आणि अमोघवर्षाच्या मनात आले असते तरी दोन लाख साठ हजार पाचशे भिक्खूंची यादी त्याच्याकडे नव्हती. ज्या राज्याला मोजता येत नाही, त्याला मोजून मोडताही येत नाही. दख्खनमध्ये देवस्थान गावाच्या, श्रेणीच्या, सामंताच्या आणि एखाद्या बंगाली उपासकाच्या दानावर उभे होते. राजाने एक हात काढून घेतला तरी बाकीचे हात राहत.

मात्र या ढिल्या कारभाराने एक गोष्ट केली, जी मोजणाऱ्या राज्यांना तितकीशी जमली नाही. खानफूमध्ये चीनच्या सम्राटाने मुसलमानांचे तंटे सोडवायला मुसलमान काझी नेमला होता. बल्हाराच्या राज्यातही तसेच होते. ९१६ साली प्रवासी मसूदी सैमूरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान दिसले. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, आणि कित्येक इथेच जन्मलेले. त्यांचा प्रमुख त्यांच्यातलाच, आणि त्याला हुनरमन म्हणत. पण दख्खनचे राज्य याच्याही एक पायरी पुढे गेले. १९५५ साली डहाणूजवळच्या चिंचणीला ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे ९२६ सालचा, तिसऱ्या इंद्राच्या राज्यातला. त्यात संजाण मंडलाचा अधिपती म्हणून मधुमती हे नाव आहे. मधुमती म्हणजे मोहम्मद, ताजिक कुळातला, म्हणजे अरब. त्याने दोन नद्यांवर फुकट तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, सुरू केली आणि अन्नछत्र घातले. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेसाठी, तिथल्या देवीच्या नैवेद्यासाठी, राजाच्या संमतीने जमीन दिली. अरब अंमलदार, देवीचा नैवेद्य, संस्कृतातला दानलेख. यादीतल्या दुसऱ्या तिघांच्या राज्यात असा कागद मला दिसत नाही.

चौघांचा शेवटही वेगवेगळ्या वाटांनी झाला. मुतवक्किलला ८६१ साली त्याच्याच तुर्की पहारेकऱ्यांनी मारले, आणि त्यानंतर खलिफा त्यांच्या हातातले खेळणे झाले. ८७९ साली मिठाचा चोरटा व्यापार करणारा हुआंग चाओ बंड करून खानफूवर चालून आला. त्या शहरात एक लाख वीस हजार मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती आणि पारशी मारले गेले, असे आपल्या ग्रंथाचा पुढचा भाग लिहिणारा अबू झैद सांगतो. आकडा एवढा नेमका कसा? चिनी सरकार डोईपट्टीसाठी परक्यांची मोजदाद ठेवत होते, म्हणून. हुआंग चाओने तुतीची झाडेही तोडली आणि रेशीम आटले. त्याची झळ सिराफच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचली. ९०७ साली तांग घराणे संपले. ९७२ साली माळव्याच्या सीयक परमाराने मान्यखेट लुटले आणि पुढच्याच वर्षी चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची गादी उलथली. रूमचे राज्य मात्र पडत-सावरत १४५३ पर्यंत टिकले. यादीतला तिसरा सर्वांत चिवट निघाला.

राज्य कसे होते हे विचारताना आपण किल्ले आणि लढाया मोजतो. त्या अनामिक लेखकाने दुसरा प्रश्न विचारला होता. परक्याला इथे कसे वागवतात? हा प्रश्न लावून पाहिला तर यादीतला चौथा राजा पहिला येतो, निदान आमच्या किनाऱ्यावरच्या दोनशे मैलांपुरता तरी. त्याचे श्रेय एकट्या राजाला नाही. संजाणला होडी चालवणाऱ्याला, साळीचा भात शिजवणाऱ्याला आणि बंगालहून शंभर द्रम्म घेऊन कान्हेरीचा डोंगर चढणाऱ्यालाही आहे. बोरिवलीला उतरून कान्हेरीला जाणे आज अर्ध्या दिवसाचे काम आहे. मुंबईकराने एकदा तरी तो शिलालेख बघून यावा.